पाच पूर्णांक एक दशांश

खोक्यावर छापलंय ५.१.
हेरंब म्हणतो फाइव्ह पॉइंट वन,
मी मनातल्या मनात शाळेतलं वाचते:
पाच पूर्णांक एक दशांश.
पाच डब्या भिंतींना लावायच्या
आणि तो एक दशांशच सगळ्यांत जड,
पलंगाखाली जाईना म्हणून
शिवणयंत्राच्या पायाशी बसवलेला.

लॅमिंग्टन रोडवरून आणला, साडेतीन हजारांत,
विक्रोळीपर्यंत बसमधून, मांडीवर.
दुकानदार म्हणाला, मॅडम, साहेबांना पाठवा,
वायरींचं काम आहे.
तेवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली मी.
पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी,
पांढरी-तपकिरी, पांढरी-राखी,
झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन.
त्याला म्हटलं, बरी पक्कड असेल तर दाखव.

घरी येऊन बघते तर टीव्हीच्या पाठीला
लाल-पांढरी भोकंच नाहीत.
एकच चौकोनी, झाकण लावलेलं,
आत मिणमिणता लाल उजेड.
पुन्हा लॅमिंग्टन रोड. पुन्हा तोच माणूस.
साडेचारशेची आणखी एक डबी, काडेपेटीएवढी,
उजेडाचा आवाज करणारी.
तो कन्व्हर्टर म्हणाला. म्हणो बापडा.
माझ्या वेळी माणसांचं बोलणं तांब्यातून जायचं,
हात लावला तर कोमट लागायचं
असं मला उगीच वाटायचं.

वायर घुसेना.
पाऊण तास.
हेरंब मोबाइलचा टॉर्च धरून उभा,
म्हणे, रिमोटचे सेल तर गेले नसतील?
शेवटी कळलं, टोकाला एक पारदर्शक टोपी आहे,
चष्मा लावला तरच दिसते.
ती काढली, तर नुसती खरखर,
तापल्या तेलात मोहरी पडावी तशी.
मेनूत शिरून, तीन पायऱ्या खाली उतरून,
ऑटो होतं त्याचं पीसीएम केलं
आणि बातम्या देणारी बाई
एकदम आमच्या कपाटाशी येऊन बोलू लागली.

खोली दहा बाय नऊ.
मागचे स्पीकर ठेवायला मागे काही नाहीच,
पलंगाची पाठ भिंतीला.
पुस्तिकेत लिहिलंय, श्रोत्याच्या मागे दोन मीटर.
दोन मीटरवर परेराबाईंचा ओटा लागतो.
एक चढवला कपाटावर, बॅगांच्या शेजारी,
दुसरा खिडकीच्या ग्रिलला, केबल टायने.
दोघेही नवीन काही बोलत नाहीत,
पुढच्यांचंच परत म्हणतात,
वर्गात मागे बसलेल्या पोरांसारखे.
इतक्या पैशांत एवढंच, हे मला आधीच माहीत होतं.
हेरंबला सांगितलं नाही.

मग सगळे आवाज जुळतात कुठे ते बघावं
म्हणून डोळे मिटून सरकत गेले गादीवरून.
त्याच्या बाजूला डावा अंगावर येतो,
माझ्या बाजूला उजवा.
जुळतात ते मधोमध.
आमच्या दोघांच्या जागा खोल गेल्यात,
मधली तेवढी राहिलीय उंच, शेतातल्या बांधासारखी.
तिथे नऊ वर्षं ऋजुता आडवी पडायची,
एक पाय त्याच्या पोटावर, टाच माझ्या बरगडीत.
नंतर हॉलमध्ये दिवाणावर गेली.
आता हैदराबादला, रात्रपाळीत.
आपण जागे असतो तेव्हा ती झोपलेली असते.

रात्री जुना सिनेमा लावला.
कुणीतरी घोड्यावरून आलं, डावीकडून,
शिवणयंत्राचं पायडल आपोआप थरथरलं.
हेरंब म्हणाला, मला एकाच कानात येतंय.
म्हटलं, सरक मग.
तो इंचभर सरकला. मग चार इंच.
मीही.

भिंतीवर थाप पडली, परेराबाईंची.
आवाज अकरावर आणला, नऊवर, सातवर.
सातवर नीट ऐकायचं तर
दोघांनाही बांधावरच यावं लागतं,
आणि तिथे एकाचीच जागा आहे.
त्याचं कोपर मला लागत होतं. मी काही बोलले नाही.

उद्या ग्रिलकडची वायर खिळ्यांनी बसवायचीय.
लोंबतेय. अंधारात उठलं तर पायात येईल.