पंचविसावी बाटली

रात्रभर पिंजऱ्यांच्या तळाशी थेंब पडतात.
नरसाळं, नळी, बर्फात रोवलेली बाटली.
चोवीस उंदीर, चोवीस बाटल्या,
आणि मिरजेत पहाटे लाईट गेली
की फ्रीझरवर हात ठेवून मी उभी,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

औषध दाजी कोळेकरांचं, शिराळ्याच्या.
गुडघेदुखीवरची पुडी:
सुंठ, गुळवेल, रास्ना, आणि एक मूळ
ज्याचं नाव ते तोंडातल्या तोंडात घेतात.
"तीन पिढ्यांत कुणी तक्रार घेऊन आलं नाही."
"गेलेले येत नाहीत, दाजी," आवटी मॅडम म्हणाल्या.
दोघंही हसले. चहा झाला.
मी पुडी नाकाशी धरली
तर वास आमच्या घरचा.

सातवा दिवस.
क्रिएटिनिन नॉर्मल, युरिया नॉर्मल,
उंदीर गुबगुबीत, शेपट्या गुलाबी.
थर्मोकोलचा डबा, कोरडा बर्फ,
नमुने कोयनेने पुण्याला गेले
मोठ्या चुंबकाच्या पोटात.

परत आला तो आलेख.
एका थेंबात शेकडो पदार्थ,
प्रत्येकाची जागा ठरलेली.
प्रत्येकाचा सूर, असं म्हटलं तर अब्बा हसतील:
चाळीस वर्षं हाडाच्या घोडीवर
कानस फिरवत जवारी काढणारा माणूस.
"तार लगेच बिघडत नाही," ते म्हणतात,
"आधी तिच्या मागचा झणकार बसतो."

बसला होता.
सायट्रेटची चार टोकं,
आकड्यांच्या पट्टीवर अडीचच्या जरा पुढे,
साध्या पाण्यावरच्या उंदरांत बोटांएवढी,
पुडीवाल्यांत जेमतेम नखं.
मूत्रपिंडानं अजून तक्रार केली नव्हती.
नुसता आवाज खाली आला होता.

मॅडमनी चिनी औषधांवरचे जुने शोधनिबंध काढले.
तिकडे दोन मुळांची नावं जवळजवळ सारखी.
एक बिनविषारी.
दुसरं आपल्या सापसंदाच्या भावकीतलं,
मूत्रपिंड वर्षावर्षानं सुकवणारं.
पोत्यावर फरक दिसत नाही.

दाजींना पडद्यापुढे बसवलं.
चष्मा पुसून ते बराच वेळ बघत राहिले.
"आजोबा मूळ स्वतः खणायचे, चांदोलीच्या अंगाला.
मी सांगलीच्या पेठेतून घेतो.
नाव तेच सांगतात."
मग टोपी काढून मांडीवर ठेवली.
"गिऱ्हाइकांची वही आहे माझ्याकडे," म्हणाले,
"उद्या पहिल्या एसटीनं आणतो."
वहीत कोण आहे ते मला ठाऊक होतं.

मॅडमना एक सांगितलेलं नाही.
डब्यात पंचविसावी बाटली होती.
मुरंब्याच्या बरणीतून ओतलेली, सकाळची पहिली.
तिला नंबर नाही,
झाकणावर फक्त एक अलिफ.

तिची फाईल आली आहे, दुपारी चार वाजून दहाला.
उघडलेली नाही.
आधी फोन केला.
म्हटलं, अब्बा, आजपासून ती पुडी बंद.
पलीकडे कानस थांबली.
कुणीतरी तंबोरा लावत होतं, षड्ज अजून जरा उतरलेला.
"गुडघा दुखेल ना," ते म्हणाले.
म्हटलं, दुखू द्या.