टोकन

गुरुवारी दहाला पाच कमी असताना
दर्शना तांडेल दिवाळे गावातून येते,
चपला दाराबाहेर सोडते, ओढणी कमरेला खोचते
आणि थेट ह्यांच्यासमोर उभी:
"काय दादा, वलखलं का मना?"
"उद्या," हे म्हणतात.

चार वर्षं झाली, एवढा एकच शब्द उरलाय.
बाकीचे त्या रात्री वाशीच्या इस्पितळात
कुठे सांडले, कुणाला सापडले नाहीत.
पाणी हवं: उद्या. पंखा बंद कर: उद्या.
पूर्वीही नळ गळायला लागला की हेच म्हणायचे.
तेव्हा मी भांडायचे.

संस्थेच्या बाईंनी फॉर्म आणला होता.
रुग्णाचं नाव, वय, गोळ्या, हात आपोआप चालत गेला.
खाली रकाना: काळजी घेणाऱ्याचं नाव.
तिथे पेन अडलं.
पुढे विचारलं होतं, सलग सहा तास झोप शेवटची कधी?
मी लिहिलं, आठवत नाही.
मग खोडून लिहिलं, ठीक आहे.
बाईंनी खोडलेलंच वाचलं.

पहिल्या गुरुवारी कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलं:
पाण्यात पावडर घालून दाट करायचं, चमच्यानं,
हनुवटी खाली हवी.
उजव्या बगलेत हात घालून उचलायचं नाही.
पावणेअकराची गोळी अर्धी, पांढरी, गुलाबी नव्हे.
रडले तर टीव्हीचा आवाज वाढवायचा नाही, बसायचं नुसतं.
पान भरलं, मग कडेनं उभं लिहिलं.
दर्शना म्हणाली, "जा आता. मी हाय."

जा म्हणजे कुठे?
पहिल्यांदा गेटपर्यंत गेले, वॉचमनशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलले,
परत आले.
दुसऱ्यांदा मेडिकलच्या दुकानात, म्हणजे पुन्हा ह्यांच्याकडेच.
नणंदेचा फोन: "मज्जा आहे वहिनी, मॉलबिल फिरा."

आज सीबीडीतल्या बँकेत शिरले.
काम काहीच नव्हतं.
यंत्रानं चिठ्ठी दिली, एकशे सेहेचाळीस.
गार हवा, स्टीलची खुर्ची.
बँकेत बसलेल्या बाईला
का बसलीस म्हणून कुणी विचारत नाही.
एकशे एकोणचाळीस. एकशे चाळीस.
एक म्हातारे गृहस्थ पासबुक छापून घेत होते,
ओळीमागून ओळ, कर्रकर्र,
तो आवाज अंगाईसारखा लागला.

एकशे सेहेचाळीस, काउंटर तीन.
मी उठले नाही.
पुन्हा पुकारलं.
मी मुदतठेवीचे दर वाचत राहिले.
मग एकशे सत्तेचाळीस.
माझा नंबर गेला
आणि कुणाला ठसका लागला नाही,
कुणी पलंगावरून घसरलं नाही.
डोळा लागला असावा.
"मावशी, लंच टाइम," रखवालदार म्हणाला,
आणि बराच वेळ थांबून म्हणाल्यासारखा म्हणाला.

कोपऱ्यावर वडापाव घेतला, उभ्यानं.
सवयीनं कुस्करायला लागले,
मग आठवलं, मला दात आहेत.

घरी आले तर ह्यांची दाढी झालेली,
भांग भलत्याच बाजूला,
आणि हे हसतायत.
माझ्याकडे बघून नव्हे, तिच्या कुठल्याशा गोष्टीला,
बहुतेक मावरं विकणाऱ्या आत्याच्या.
माझं कॅलेंडरचं पान घड्याळाखाली, घडीसुद्धा न मोडलेलं.
छातीत काहीतरी टोचलं. खोटं कशाला बोलू,
ते समाधान नव्हतं.
"पाणी पातळ नाही ना दिलंस?"
"दाट दिलं गं वयनी. हनुवटी खाली."
पान तिला पाठच होतं.

मग ह्यांनी मला पाहिलं. "उद्या," म्हणाले.
ह्यांचे सगळे उद्या मला ओळखू येतात,
भुकेचा, चिडीचा, चादर ओली झाल्याचा.
आजचा कळला नाही.
दर्शना चप्पल चढवत म्हणाली,
"उद्या नाय हो दादा. आता गुरवारी."

दार लागलं. मी फणी घेतली,
भांग सरळ करायला पुढे झाले,
आणि तसाच ठेवला.