वाटाण्याएवढा दिवा

हेडलाइटच्या वाटीला
सहा मिलिमीटरचं भोक.
इल्गवार्सने श्वास धरून पाडलं,
जुन्या जावाचा पत्रा, फाटला तर दुसरा कुठला?

लाल वायर किल्लीमागे,
काळी चौकटीला, रंग खरवडून.
किल्ली फिरवली: पिवळा.
किक, थोडी रेस: हिरवा.
गॅरेजभर धूर, आणि शेजारच्यांच्या भट्टीतल्या
हेरिंगचा वास.

गेल्या नोव्हेंबरात कोल्काच्या पाइनवनात
बॅटरी अवाक्षर न काढता मेली.
सात किलोमीटर ढकलत आणली गाडी,
आणि घरी येऊन म्हणाला,
काही नाही, जरा उशीर झाला.

झिद्रा दारात, ओले हात एप्रनला पुसत.
दिव्याकडे बघते. मग त्याच्याकडे.
"वायर उरलीय का थोडी?"

तो खरंच
डबा उपसून शोधायला लागतो.