तिसरा बाक

चॅपल विकलं गेलं तेव्हा बाक फुकट होते.
नेणाऱ्याने न्यावेत, अशी चिठ्ठी दारावर,
मायरिगच्या अक्षरात. खाली एक ओळ:
पाठ सांभाळा.

मी तिसरा मागितला, उजवीकडचा.
आमचा. म्हणजे वडील ज्याचं वर्षाला भाडं भरत
आणि प्रवचनाच्या दुसऱ्या मुद्द्यापर्यंत जिथे जागे असत.
तिसऱ्या मुद्द्याची वर्दी आईचं कोपर द्यायचं.

"काय करणार त्याचं, हेलवेन?"
बागेत ठेवून वर बसेन, असं सांगता आलं असतं.
"खताची पेटी," म्हटलं.
त्याने टोपी काढली. पुन्हा घातली.
चाळीस वर्षं चॅपलच्या किल्ल्या सांभाळलेला माणूस,
शेवटी एवढंच बोलला,
"झाकण तरी लाव. उंदीर कुठल्याच पंथाचे नसतात."

करवतही त्याचीच आणली.
पेच पितळेचे, खाचांत शंभर वर्षांचं मेण,
एकेक खाच दाभणाने कोरावी लागली.
दोन पेच मोडले. तिसऱ्याने अंगठा फोडला,
तेव्हा मी जे वेल्शमध्ये बोलले
ते त्या लाकडाने आजवर ऐकलं नसावं.

बैठकीच्या खाली, जिथे हात पोचतो पण नजर नाही,
वाळक्या च्युइंगमचे सात खडे
आणि खिळ्याने ओढलेल्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी.
मोजल्या. छत्तीस मिनिटं.
शेजारी एक अक्षर. तेगिदचं.
माझा धाकटा भाऊ. पुढे लिव्हरपूलला बस चालवायचा,
आणि एकदाही उशिरा पोचला नाही.
ती फळी दर्शनी लावावी की आत,
यात चहाची अख्खी किटली गेली.
आत लावली.
कुजणाऱ्या गोष्टींची त्याला लहानपणापासून आवड.

आतलं रोगण खरवडून काढलं,
बोटांएवढ्या फटी ठेवल्या, हवेला.
तळाला खाणीतल्या पाटीच्या दगडाचे तुकडे,
गावात त्याला कुणी दगडसुद्धा म्हणत नाही,
तो आपला असतोच, घरामागे, ढिगाने.
बाकाच्या टोकाला छत्रीचं पाणी धरायचं
बिडाचं ताट होतं, ते आता पेटीखाली आहे.
त्यात काळं पाणी ठिबकतं.
एका तांब्याला दहा तांबे साधं पाणी, मग लीकच्या मुळाशी.
झाकण म्हणजे स्तोत्रांच्या क्रमांकांचा फलक.
आकडे अजून सरकतात. ढीग खालीवर केला
की मी त्या दिवसाची तारीख लावते.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे.
इथे बारा आठवडेही लागले नाहीत.
मार्चात, छपरांवर दहिवर असताना,
मांस भाजताना लावायचा तापमापक ढिगात खुपसला:
अठ्ठावन्न.
चॅपलमध्ये गरम पाण्याची एकच नळी होती,
तीही प्रवचनकाराच्या पायाशी.
त्या बाकाला इतकी ऊब कुणी कधी दिली नव्हती.

मायरिग रविवारी येतो, दहाला,
पायांना सवयच आहे त्या वेळेची.
बादलीत आठवड्याचा चोथा, अंड्यांची टरफलं,
वर्तमानपत्राच्या पट्ट्या, शोकवार्तांचं पान वगळून.
ओततो. बसायला जागा नाही, म्हणून उभा राहतो.
मीही.
आत काहीतरी बारीक, ओलं, सतत चाललेलं ऐकू येतं.

गेल्या खेपेला मी तारीख बदलायला विसरले.
त्याने फलकावर तीन आकडे लावले,
कुठल्याच महिन्यात न बसणारे,
आणि दोन ओळी गुणगुणला, तोंड मिटून.
मग काठीने ढीग उकरून पाहिला
आणि म्हणाला, "लिंबाची सालं फार होतायत, हेलवेन.
गांडुळांना आंबट चालत नाही."