वत्सलाबाईंची शिकवणी

त्यांचं खरं नाव वात्स्वावा.
आमच्या आक्कानं ते दोनदा तोंडात घोळवलं
आणि वत्सला करून टाकलं.
पुढं रेशनकार्डावरही तेच लागलं.

वळिवड्याच्या छावणीतली माणसं
गाड्या भरभरून निघून गेली,
कुणी लंडनला, कुणी बोटीनं आणखी कुठं कुठं.
बाई तेवढ्या शाहूपुरीत आल्या,
आमच्या गुळाच्या अडतीवरच्या खोलीत.
एक पत्र्याची ट्रंक, एक व्हायोलिन.
व्हायोलिनच्या गजाला केस नव्हते.

कशाचे केस लागतात ओ, बाबालाल टांगेवाल्यानं विचारलं.
घोड्याचे. शेपटीचे.
अड्ड्यावरचे सगळे हसले, बाबालाल नाही.
रविवारी त्याची पांढरी घोडी
चार बोटं विरळ शेपूट घेऊन
स्टेशनला गेली.
राळ मिळाली गंगावेशीत, काष्ठौषधीवाल्याकडं,
पुडीवर लिहिलेलं : लेपासाठी.

पोरं आम्ही तीनच.
मी, कुंभाराची मालन,
आणि शब्बीर शिकलगार,
ज्याचा बाप लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट फुंकायचा.
माझी वर्षाची फी गुळाची एक ढेप.
बाई ती खुरप्यानं फोडायच्या
आणि पावाला लावून खायच्या, उभ्यानंच,
खिडकीतून तोलाईचे आकडे ऐकत.
मराठी आकडे त्या तिथंच शिकल्या,
म्हणून त्यांच्या मात्राही
हमालाच्या चालीवर मोजल्या जायच्या.

कन्याशाळेत नोकरी लागली तेव्हा
पुण्याच्या इन्स्पेक्टर बाईंनी त्यांना अडवलं :
अहो, येतो नव्हे. बायकांनी येते म्हणायचं.
वत्सलाबाईंनी रस्त्याकडं बघितलं.
भाजीवाली निघाली होती, बरं, येतो म्हणत.
आक्का कुणाला तरी सांगत होती, मी कवाच जेवलो.
बाई म्हणाल्या, माफ करा,
मी इथलं शिकलोय.

भांडणं व्हायची ती सा वरून.
त्यांचा दो म्हणजे दो,
राज्य बुडालं तरी जागचा हलत नसे.
आणि इथं मालनचा सा काळी पाचला,
शब्बीरचा काळी एकला,
माझा तर रोज निराळ्या पट्टीला.
बाई वैतागायच्या. टेबलावर गज आपटायच्या.
एक जागा सांगा! सुरुवात कुठून करायची?
मालन म्हणाली, जिथनं दम पुरतो तिथनं.
बाई थांबल्या.
दोम?
दम, मालन म्हणाली, आणि छातीवर हात ठेवून दाखवला.
आमच्याकडं दोम म्हणजे घर, बाई म्हणाल्या.
मग स्टोव्हवरचं दूध उतू गेलं
तरी त्या उठल्या नाहीत.
शेवटी शब्बीरनंच ते उतरवलं.

पत्र यायचं वर्षातून एकदा, नाताळच्या आसपास.
पाकिटावरची तिकिटं शब्बीर मागून घ्यायचा,
त्याच्या वहीत त्यांचं एक आख्खं पान होतं.
एका वर्षी त्यानं मागितलं नाही.
बाईंनीही सांगितलं नाही.
त्या दिवशी तिघांना त्यांनी
एकच सरळ सूर ओढायला लावला,
गजाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत,
दिवे लागेपर्यंत.
खाली हमाल ढेपा मोजत होते, एक लाभ, दोन, तीन.

मालन पुढं रेडिओवर वाजवायला लागली.
शब्बीरनं बापाचा बँड घेतला,
त्याच्या वरातीत व्हायोलिन असतं म्हणून
लोक अजून थट्टा करतात, आणि बोलावतातही त्यालाच.
मी वाजवणारा झालो नाही.
अडत सांभाळली.
सौद्याला बसलो की रुमालाखाली
समोरच्याची बोटं धरून भाव सांगायचा असतो,
न बोलता.
तेव्हा माझी करंगळी आपसूक वाकते,
वर चढून एखादी तार दाबल्यासारखी,
आणि व्यापारी खेकसतो,
अरे नीट सांग की,
चार का पाच?