कोरडं वजन

नोन्सानच्या पलीकडे, यांगछोनच्या खोऱ्यात
प्लास्टिकच्या लांबच लांब बोगद्यांमध्ये
सांगचू पिकतं. तांबडं, हिरवं, कुरळं, सपाट.
सहा वाण, चार हंगाम,
आणि मी: एक तराजू, एक भट्टी, एक वही.

मे महिन्यात हिरव्या कुरळ्यानं कहर केला.
एका वाफ्यातून अकरा खोकी, प्रत्येक चार किलोचं.
मालक बांग दोक-सू शीळ घालत फिरत होता.
मी त्यातलं शंभर ग्रॅम उचललं,
सत्तर अंशांवर दोन दिवस ठेवलं.
पंच्याण्णव ग्रॅम निघून गेले, निरोपही न घेता.
उरलं ते चिमूटभर,
श्वास रोखून बशीत ओतलं,
आणि खोकलो.
नमुना क्रमांक चार: पुन्हा.

प्यो सुन-ये आजवर तराजूकडे फिरकलेली नाही.
एकाहत्तर वर्षांची ती, बुडाला बांधलेल्या गोल फोमवर
वाफ्यामागून वाफा सरकत जाते,
खालचं पान खुडते, वरचं राखते.
रोप उघडं पडत जातं, उंच होत जातं,
डोक्यावर तेवढा झुबका.
देठ मोडला की पांढरा चीक येतो.
ती तो जिभेला लावते.
"हे झोप आणील," म्हणते,
"परीक्षेच्या आदल्या रात्री पोरांना देऊ नका."
माझ्या तक्त्यात झोपेला रकाना नाही.
समासात लिहून ठेवलं, पेन्सिलीनं.

मग जून लागला, आणि पानंही जून झाली.
बाहेर एकतीस, आत सदतीस.
तांबडा वाण सगळ्यात आधी बिथरला,
रंग सोडला, मान ताणली,
तुरा काढायची कोण घाई.
जुलैच्या पावसात शेजारचे चार बोगदे बुडाले
आणि नेमका तेव्हाच भाव तिप्पट झाला.
खानावळीत मांस वाढायचे हात सैल,
पानं मात्र मोजून.
जीवनसत्त्व क: वर्षातलं सगळ्यात कमी.
मागणी: वर्षातली सगळ्यात जास्त.
हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहिले
आणि बराच वेळ पंख्याखाली बसलो.

ऑक्टोबरात रात्री नऊ अंशांवर उतरल्या.
तांबडं आता तांबडं राहिलं नाही,
जांभळासारखं काळवंडलं,
हाताळलं की बोटं निळसर.
यंत्रानं रंगद्रव्याचा आकडा दाखवला, उन्हाळ्याच्या चौपट.
मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तेच.
पीक मात्र निम्मं.
बांग दोक-सूची शीळ बंद.

वाटलं, थंडीचं पानच खरं, थोडकं पण भरीव.
निष्कर्ष मनात लिहूनही झाला.
जानेवारीनं तो पुसला.
तीन पदरी प्लास्टिक, मधल्या पदरावर
रात्रभर विहिरीच्या कोमट पाण्याची झड,
आणि उजेड इतका मिणमिणता
की पान तळहाताएवढं व्हायला साठ दिवस.
मुळांनी ओढलेलं नायट्रेट पानातच साचून राहिलं,
त्याला पचवायला ऊन कुठे होतं?

स्रेमोम खोकी रचत होती. कंबोडियाची,
इथला तिचा तिसरा हिवाळा, दोन मोज्यांवर एक मोजा.
माझ्या बशीकडे बघून तिनं विचारलं,
"खोक्यामागे पैसे मिळतात मला.
कोणतं वजन धरतात, ओलं की हे?"
ओलं, मी म्हणालो.
"मग बरंय," ती म्हणाली आणि पुढचं खोकं उचललं.

संचालकांना एकच वाण हवा आहे.
एका ओळीत. शुक्रवारपर्यंत.

दुपारी सुन-येनं डबा उघडला.
जांभळ्या पानावर भात, तिखट लगदा,
लसणाची कच्ची पाकळी, डुकराच्या मांसाचा गार तुकडा,
पुरचुंडी वळली आणि माझ्यापुढे धरली.
ती अर्धी चावायची नसते, एका घासात घ्यायची.
गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं,
कडवट चीक, मग गोडसर काहीतरी,

आणि फोन वाजला. संचालक.
सुन-येनं तो उचलला, माझ्याकडे पाहिलं,
"तोंड भरलंय त्याचं," म्हणाली,
आणि ठेवून दिला.