आधी खोकून दाखव

गड्ड्यावरून पोरं परत येतात
पिपाण्या, भिंगऱ्या आणि बसलेला घसा घेऊन.
मग जोडबसवण्णा चौकामागच्या आमच्या बोळात
मागांच्या खटखटीत खोकल्याची खटखट मिसळते
महाशिवरात्रीपर्यंत.

नरसव्वा गुर्रमच्या दारात अडुळसा आहे.
डालड्याच्या डब्यात लावला होता,
डब्याचा बूड फोडून जमिनीत शिरला.
शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत
म्हणून बोळात टिकलेलं एवढंच हिरवं.

ती विड्या वळते.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, दोरा,
शेजारी शेगडीवर पातेलं.
विडी ठेवून अडुळशाला हात लावायचा
तर मध्ये राखेनं हात धुते. कोपरापर्यंत.
दिवसाला हजार विड्या आणि दहा वेळा हात,
हिशेब तिचा तिलाच जमतो.

दारात कुणी उभं राहिलं की मान वर न करता म्हणते,
"आधी खोकून दाखव."

मी तेवीस वर्षं टॉवेलच्या मागावर.
पाठ करून उभा असलो तरी सांगतो
कुठला धोटा अडतोय, कुठला पट्टा सैल झालाय.
ती तसं छातीचं सांगते.
हा ओला : पानं तव्यावर वाफवून, पिळून, मधात.
हा कोरडा : ज्येष्ठमध, खडीसाखर, चघळत बस.
हा शाळा बुडवायचा, काय बे,
आणि त्या पोराला सगळ्यात कडू वाटी.

मिऱ्याला ती मिरियालु म्हणते, ओव्याला वामु.
समोरचा मल्लप्पा मेणसु म्हणून दुरुस्त करतो.
मी मिरेच म्हणतो.
पाट्यावर वाटलं की तिघंही शिंकतो.

चार पेल्यांचा एक पेला होईपर्यंत
पातेल्याजवळ बोलायचं नाही, हा तिचा नियम.
पैसे घेत नाही. गूळ आणलास तर बरं, म्हणते.

यंदा माघात मी गेलो.
खोकलो.
"परत."
खोकलो.
कात्री थांबली. "परत."
मग उठून आली, माझ्या भुवईवरचा कापसाचा तंतू
चिमटीत धरून उजेडात बघितला
आणि म्हणाली,
"हा माझ्या पातेल्यातला नाही.
सिव्हिलला जा. छातीचा फोटो काढ."
थोडा काढा तरी द्या, मी म्हणालो.
"देते. गरम आहे म्हणून पी.
औषध म्हणून नको."

बुधवारी रांगेत उभा राहिलो
पाठीमागे चादरी गुंडाळलेली माणसं,
पुढे एक ओळखीची मान,
पदराखाली दाबलेला हात.
ती वळली. तिच्या पिशवीत स्टीलचा डबा,
मला वास आधी कळला.

मी काही विचारलं नाही.
फक्त म्हणालो, "आधी खोकून दाखव."
ती हसली,
आणि हसण्याचं मध्येच दुसरं काही झालं,
भिंत धरून थांबेपर्यंत झालं.

मागावरचा माणूस मी.
ऐकलं.

तिनं डब्याचं झाकण उघडलं,
झाकणात मला, डब्यात तिला.
गूळ जास्त पडला होता.
कंपाउंडरनं आवाज दिला तेव्हा अडतीस चालू होता,
तिचा एकेचाळीस, माझा चव्वेचाळीस.